रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास होतोय? फॅमिली डॉक्टरकडे शरीर आणि मन दोन्ही एकत्र कसं दाखवायचं

छातीत धडधडतं, मधेच पोटात गोळा येतो, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग झोप लागतच नाही, मान आखडलेली, हातापायाला मुंग्या, आणि फाईल उघडली तर इसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, शुगर-थायरॉईड पण नॉर्मल. अशी फाईल घेऊन आलेले पेशंट माझ्या ओपीडीत रोज असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कुणीतरी सांगितलेलं असतं की तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. माणूस घरी जातो, त्रास तसाच राहतो, वर आता तो त्रास परत सांगायचीही लाज वाटायला लागते. म्हणून हे लिहितोय, अशा लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, की डॉक्टरकडे जाताना तयारी काय करायची, काय सांगायचं, काय विचारायचं आणि घरी येऊन काय करायचं.

सुरुवातीलाच एक सांगतो. आधी शरीराच्या सगळ्या तपासण्या करायच्या, काहीच सापडलं नाही की मग "मनाचं असेल" म्हणायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. शरीर आणि मन दोन्ही पहिल्या भेटीपासून बरोबर बघायचं. कारण त्रास तसाच होतो. भीती वाटली किंवा काळजी लागली की अॅड्रिनलिन नावाचं हार्मोन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ आणि भरभर होतो, मानेचे खांद्याचे स्नायू ताठ होतात, पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी संडासला पळावं लागलेलं नाही असा माणूस विरळाच. हेच काही तास नाही तर महिनोन् महिने चालू राहिलं की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, झोप बिघडते, शुगर आणि बीपी वर जातं, आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेचा आवाजच वाढल्यासारखा होतो म्हणजे थोडंसं दुखणंही जास्त जाणवायला लागतं. यात खोटं काही नाही. धडधड खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत. मुंग्यांचं तर कारणही माहितीये, भरभर श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं होतं. इसीजीत हे दिसणार नाही कारण इसीजी हे बघायला बनवलेलाच नाही.

आणि हे उलट्या बाजूनेही चालतं बरं का. थायरॉईड कमी असेल तर माणूस उदास आणि सुस्त होतो, हिमोग्लोबिन कमी असेल तर जिना चढताना धडधडतं, बी-12 कमी असेल तर मुंग्या येतात, विसरायला होतं, चिडचिड होते (मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये आणि पूर्ण शाकाहारी लोकांत हे नक्की तपासायला हवं). डायबेटीस असलेल्यांमध्ये डिप्रेशन इतरांपेक्षा जवळपास दुप्पट दिसतं. हार्ट अॅटॅकनंतर कितीतरी जण आतून खचतात, पण त्याबद्दल घरात कुणी बोलतच नाही, सगळं लक्ष पथ्यावर.

आधी हे बघा, यात थांबायचं नाही

मनाचा विचार करायचा म्हणजे शरीराकडे डोळेझाक करायची असं नाही. छातीत दाब किंवा दुखणं आणि त्याबरोबर घाम, दम, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी एकदम तीव्र डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर दीर्घ श्वास घेत बसू नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा. डायबेटीसच्या पेशंटना आणि बायकांना हार्ट अॅटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नसतं, कधी नुसती मळमळ, दम, प्रचंड थकवा एवढंच असतं, आणि पहिला इसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने परत इसीजी काढतात आणि हृदयाला इजा झालीय का हे बघायला ट्रोपोनिनची रक्ततपासणी करतात. बाई आहे, घरात ताण आहे, म्हणजे "अॅसिडिटी आणि टेन्शन" असं म्हणून घरी पाठवलेली उदाहरणं कमी नाहीत, त्यामुळे घरच्यांनी इथे आग्रह धरायलाच पाहिजे.

घाईचं नाही पण टाळायचंही नाही असं काय, तर डाएट न करता वजन उतरणं, संडासवाटे रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास, खूप दिवस रेंगाळणारा ताप, गिळायला त्रास, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली कुठलीही नवी तक्रार. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.

जायच्या आधी घरी करायची तयारी

एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे लिहा. त्रास कधी झाला, त्याआधी काय चाललं होतं, काय खाल्लं होतं, आदल्या रात्री झोप किती, आणि कशाने बरं वाटलं. बस एवढंच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको कारण सारखं शरीराकडे कान लावून बसलं की त्रास वाढतो, हे मी बऱ्याच जणांत बघितलंय. या वहीतून कधीकधी अशी गोष्ट निघते की दहा हजारांच्या तपासण्यांतून निघाली नसती, म्हणजे धडधड फक्त रविवारी संध्याकाळी होते, किंवा पोट फक्त त्या दिवशी बिघडतं ज्या दिवशी हप्त्याचा मेसेज येतो, किंवा डोकं दुखतं ते सकाळी उठल्याउठल्या आणि नवरा सांगतो की ही झोपेत खूप घोरते, मग तिथे विचार झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचा करावा लागतो, नुसत्या टेन्शनचा नाही.

दुसरं म्हणजे घरात जे जे औषध घेताय ते सगळं पिशवीत घालून न्या. सगळं म्हणजे सगळं, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर, शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची गोळी सुद्धा. दम्याच्या काही पंपांनी हात थरथरतात आणि धडधडतं. डोकेदुखीसाठी महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर घेत असाल (काही मिश्र गोळ्यांच्या बाबतीत दहा दिवस सुद्धा पुरतात) तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहतं, आणि हे पेशंटला कुणी सांगितलेलंच नसतं. चहा दिवसाला किती कप, तंबाखू, मिश्री, दारू हे पण खरं सांगा. मिश्री लावणाऱ्या बायका "मला व्यसन नाही" म्हणतात कारण घरातल्या सगळ्याच लावतात, पण त्यात निकोटिन आहे, आणि मिश्रीची वेळ टळली की होणारी घालमेल आणि धडधड ही त्याचीच. रोज दारू घेणाऱ्याला सकाळी हात थरथरणं, घाबरल्यासारखं होणं हेही तसंच, पण ती दारू मनाने एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

वेळेचं पण बघा. संध्याकाळी सातला भरलेल्या ओपीडीत बाहेर वीस जण बसलेले असताना कुठलाही डॉक्टर नीट ऐकू शकत नाही, मी पण नाही. रिसेप्शनवर किंवा कंपाउंडरला आधीच सांगा की जरा सविस्तर बोलायचंय, पंधरावीस मिनिटं लागतील, कधी येऊ. बहुतेक डॉक्टर दुपारची किंवा शेवटची वेळ देतात.

आत गेल्यावर

मनातली सगळ्यात मोठी भीती पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका. पेशंट पित्त, गॅस, गुडघा असं सगळं सांगतात, प्रिस्क्रिप्शन घेतात, उठतात, दाराला हात लावतात आणि मग म्हणतात, डॉक्टर अजून एक होतं, माझ्या मोठ्या भावाला याच वयात अॅटॅक आला होता. खरी गोष्ट ती असते! ती आधी सांगितली असती तर तपासणी पण त्या दिशेने झाली असती आणि बोलणं पण. कॅन्सर असेल का, वेड लागेल का, झोपेतच जाईन का, जे काही असेल ते बोला, हसणारा डॉक्टर असेल तर डॉक्टर बदला.

घरात गेल्या वर्षभरात काय घडलं तेही सांगा. मृत्यू, कर्ज, नोकरी गेली, मुलीचं लग्न मोडलं, मुलगा परदेशी गेला, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि सगळं एकटीवर आलंय. याचा अर्थ त्रास "त्यामुळेच" आहे असा नाही, पण डॉक्टरला पूर्ण चित्र पाहिजे. 1950च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बॅलिंट नावाचे डॉक्टर जनरल प्रॅक्टिशनर मंडळींना एकत्र बसवून त्यांच्या अवघड पेशंटबद्दल बोलायला लावायचे, आणि त्यांचं म्हणणं होतं की डॉक्टर स्वतः हेच सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध आहे. मग 1977 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज एंगल यांनी मांडलं की आजार बघताना शरीर, मन आणि माणसाची सामाजिक परिस्थिती तिन्ही बघायला हवं. आपल्याकडचे जुने फॅमिली डॉक्टर, जे घरी व्हिजिटला यायचे, चहा घेता घेता घरातलं वातावरण बघायचे, ते हे नाव न घेता करतच होते. आता व्हिजिट बंद झाल्या, म्हणून ते वातावरण तुम्हाला शब्दांत सांगावं लागतं.

बरोबर कुणी आलं असेल आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल तर सरळ म्हणा की मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय. तेवढंही म्हणणं शक्य नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. सुनेबरोबर सासू, बायकोबरोबर नवरा आत येतो आणि पेशंटच्या ऐवजी तेच बोलतात हे रोजचंय, चांगला डॉक्टर तपासणीच्या निमित्ताने त्यांना बाहेर बसवतो. घरात मारहाण होत असेल तर 181 ही महिलांसाठीची हेल्पलाईन आहे.

डॉक्टर बहुधा दोन प्रश्न विचारतील, नाही विचारले तर तुम्ही स्वतःहून उत्तर द्या. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश वाटतंय असं किती दिवस झालं. या दोन प्रश्नांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण असतात, मिळून तीन किंवा जास्त आले तर पुढचे सविस्तर प्रश्न विचारायचे, जगभर ही पद्धत वापरतात. म्हाताऱ्या माणसांत मात्र उदासी शब्दांत येतच नाही, ती अंगदुखी, भूक नसणं, विसराळूपणा अशी येते.

तपासून घ्या, कपड्यावरून स्टेथोस्कोप लावून नाही, नीट. बीपी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको, आणि मोजताना बोलायचं नाही. जिने चढून आल्याआल्या एकदा मोजलं आणि जन्माची गोळी सुरू झाली असं व्हायला नको, काहींचं बीपी फक्त दवाखान्यात वाढतं, त्यांना घरी आठवडाभर मोजायला सांगतात.

टेस्ट लिहून दिली तर एक प्रश्न विचारा, ही कशासाठी आणि नॉर्मल आली तर पुढे आपण काय करणार. हे आधी ठरलेलं असलं ना की नॉर्मल रिपोर्टने खरोखर धीर येतो. नाहीतर नॉर्मल आला की माणसाला वाटतं यांना सापडत नाहीये, मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा, मग एमआरआय, आणि मन चिंती ते वैरी न चिंती तसं होऊन बसतं.

आणि डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणाले तर रागावू नका पण तिथे थांबूही नका. म्हणा, "डॉक्टर, टेन्शन आहे हे मान्य, पण ते कमी करायला मी रोज नेमकं काय करू आणि परत कधी दाखवायला येऊ?" परत यायची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. त्रास वाढेल तेव्हाच जायचं असं केलं की डॉक्टर भेटायला आजारी पडावं लागतं, दर तीन आठवड्यांनी ठरलेली भेट असली की माणूस तेवढा वेळ बऱ्यापैकी निभावून नेतो.

घरी काय करायचं

श्वास. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद हळूहळू बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. पोटावर हात ठेवा, श्वास घेताना हात वर आला पाहिजे. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, आणि महत्त्वाचं म्हणजे बरं वाटत असताना करा. लोक घाबरण्याचा झटका आल्यावर पहिल्यांदा करून बघतात आणि म्हणतात उपयोग नाही, शरीराला सवयच नसेल तर ऐन वेळी जमणार कसं. लांब उच्छ्वासाने व्हेगस नावाची नस ठोके हळू करते, यात श्रद्धेचा प्रश्न नाही. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम सुरू केलं तेच मुळी योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजून बघायला. दमा, हृदयविकार किंवा प्रेग्नन्सी असेल तर श्वास रोखून धरायचे प्रकार मात्र नकोत.

घाबरण्याचा झटका म्हणजे पॅनिक अॅटॅक आला, आणि डॉक्टरांनी तपासून तो तोच आहे हे आधी सांगितलेलं असेल, तर तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो हे लक्षात ठेवा. पळून जाऊ नका, असाल तिथे बसा, श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष द्या. बसमध्ये अॅटॅक आला म्हणून बस सोडली, मग बाजार सोडला, मग एकटं बाहेर पडणं सोडलं, असं जग लहान लहान होत जातं आणि हा भाग सगळ्यात जास्त नुकसान करतो. परत जाताना टप्प्याटप्प्याने जा, आधी कुणाला तरी बरोबर घेऊन एक स्टॉप, ते सोपं वाटेपर्यंत तेच, मग दोन स्टॉप.

झोपेसाठी उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही. दुपारी तीन-चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनी सुद्धा रक्तात असतो. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, मंद उजेडात काहीतरी वाचा, डोळे मिटायला लागले की परत जा. दारूने झोप लागते पण पहाटे मोडते.

चालणं, आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. मन नसेल तरी करायचं, डिप्रेशनमध्ये आधी इच्छा आणि मग कृती असं होत नाही, कृती आधी करावी लागते. हरिपाठाला जाणं बंद झालं असेल, भिशीला जाणं सोडलं असेल, शेताकडे चक्कर मारणं थांबलं असेल, तर त्यातलं एक काहीतरी या आठवड्यात परत सुरू करा, अर्धा तास बसून परत आलात तरी चालेल.

गोळ्या आणि पुढची मदत

गोळ्यांबद्दल गैरसमज फार आहेत. डिप्रेशन आणि चिंतेच्या हल्लीच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी बेचैनी होऊ शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवायच्या आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद नाही. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम वगैरे गोळ्या वेगळ्या, त्या लगेच बरं वाटवतात म्हणूनच त्यांची सवय लागते, त्या थोड्या दिवसांसाठीच. वर्षानुवर्षं घेत असाल तर घाबरून एका दिवसात बंद करू नका, हळूहळू उतरवता येतात, वेळ लागतो पण उतरतात.

फॅमिली डॉक्टरने काउन्सेलर किंवा सायकियाट्रिस्टकडे पाठवलं म्हणजे त्याने हात झटकले असं समजू नका, उलट विचारा की त्यांना दाखवून झाल्यावर परत तुमच्याकडे येऊ ना. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. व्यसन सोडवण्यासाठी पुण्यात मुक्तांगण हे केंद्र 1986 पासून काम करतंय. आणि टेलिमानस, 14416, ही सरकारी हेल्पलाईन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, गावात काउन्सेलर नसेल तर हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

जगणं नकोसं वाटतंय असे विचार येत असतील तर ते आजच सांगा, घरी, डॉक्टरला, 14416 ला, कुणालाही. घरच्यांनी पण थेट विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका, शेतावरची फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, कारण तो क्षण टळला तर कितीतरी माणसं वाचतात. पोलीस केसच्या भीतीने कुणी हॉस्पिटल टाळू नये, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि उपचार द्यायचे असं सांगितलंय.

उपचार मनाचे चालू आहेत म्हणून नवीन तक्रार आली की ती पण मनाचीच असं धरू नका. नवीन काही वाटलं तर नव्याने तपासून घ्या. आणि शक्यतो एकाच डॉक्टरकडे जात रहा, दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगण्यात तुमची गोष्ट अर्धवटच पोचते.

शेवटी जे मुलंमुली पुण्या-मुंबईत, बंगलोरला, दुबईत किंवा अमेरिकेत आहेत आणि आईवडील गावी आहेत त्यांच्यासाठी. फोनवर "बरी आहेस ना" विचारलं की आई हो म्हणणारच. त्यापेक्षा काल रात्री झोप किती वाजता लागली, जेवायला काय केलंस, शेजारच्या मावशींकडे शेवटची कधी गेलीस, गुडघा आता कसाय असं विचारा, उत्तरं दोनतीन आठवडे ऐका, आणि काही बदललंय असं वाटलं तर आईला विचारून तिच्या फॅमिली डॉक्टरला एक मेसेज टाका. आम्ही तो वाचतो आणि पुढच्या वेळी त्या आल्या की बीपीचा पट्टा लावता लावता त्याबद्दल विचारतो.